आवडाबाईचा शेकडा

येसाजीच्या तेराव्याची पंगत उठली, पत्रावळी गोठ्यामागे टाकून झाल्या, आणि हात धुता धुता अनंताने विषय काढला.

"वयनी, पडवीतल्या पेटीचं काय करायचं?"

आवडाबाई उष्टं काढून जमिनीला शेण लावत होती. तिने मान वर केली नाही. पेटीचं काय करायचं हा प्रश्न त्या घरात सोळा वर्षं मुक्कामाला होता. तो तिला विचारला गेला मात्र आज पहिल्यांदा. तोही नवरा गेल्यावर, आणि धाकट्या दिराला पडवी हवी होती म्हणून.

"तुमचं काय म्हणणं हाय, भावजी?"

"माझं काय? अर्धी पडवी माझी हाय. वीज आलीय, पिठाची गिरणी टाकतो म्हंतो. म्हसळ्याचा कासमभाई गुरवारी येतोय भंगार न्यायला. त्याच्या गाडीत घालू. तुझी ना न्हाय ना?"

"गुरवारी बघू," आवडाबाई म्हणाली आणि शेणाचा हात पुढे सरकवला.

पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण दिघीच्या खाडीलगतच्या त्या वाडीत तसली दुसरी वस्तू नव्हती, आणि सगळ्या कुलाबा जिल्ह्यात असेल असं वाटत नाही. तो अमेरिकन सोल्जरांचा खेळ. चार पायांवर उभी केलेली काचेची उतरती पेटी. स्प्रिंगची दांडी मागे ओढून सोडली की सुपारीएवढी पोलादी गोळी वर जायची आणि रबरी कड्यांवर, घंट्यांवर आपटत खाली यायची. वाटेत नऊ खड्डे. गोळी खड्ड्यात पडली की खालची विजेची कॉईल तिला धक्का देऊन पुन्हा वर उडवायची, दिवा लागायचा, मागच्या उभ्या काचेवर आकडा चढायचा. त्या काचेवर पोहण्याच्या तोकड्या कपड्यांतली एक गोरी बाई हातात चेंडू घेऊन दात काढत उभी होती. तिच्यामुळे वाडीने पेटीचं नाव ठेवलं होतं 'आवडाची सवत'. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय ग आवडे, सवतीला आज अंघोळ घातली का न्हाय?" आवडा म्हणायची, "तिला कपडेच न्हाईत, धुवायचं काय?" आणि हंडा उचलायची. हसून घेतलं की विषय लवकर संपतो, हे तिला ठाऊक होतं.

येसाजी बाराव्या वर्षी मुंबईला गेला. गोदीजवळच्या एका वर्कशॉपात झाडू मारता मारता फिटर झाला. लढाईच्या दिवसांत त्याला सोल्जरांच्या एका कँटीनमध्ये असल्या पेट्या चालू ठेवायचं काम मिळालं. कोणी शिकवलं नाही, बघून शिकला. माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. सोल्जर गेले, कँटीन बंद झालं, आणि एक नादुरुस्त पेटी मागे उरली. कंत्राटदार म्हणाला, ने तुला हवी तर. सत्तेचाळीसच्या दिवाळीला येसाजी नोकरी सोडून आणि पेटी घेऊन आगबोटीने दिघीला आला. आगबोट तिथे किनाऱ्याला लागत नसे. माणसं, सामान सगळं पडावात उतरवायचं. पेटी उतरवताना पडाव कलला आणि खाऱ्या पाण्याने पेटीला पोटापर्यंत भिजवलं. नऊच्या नऊ कॉइली गेल्या. येसाजी किनाऱ्यावर बसून रडला म्हणतात. आवडाबाईने ते पाहिलं नव्हतं. स्वतःच्या बाळंतपणात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं, एवढंच ती सांगू शकली असती.

"चैताच्या जत्रेला लावतो बघ," तो म्हणाला होता. "म्हाडपासून लोक येतील."

कुठल्या चैत्राच्या ते त्याने सांगितलं नव्हतं.

येसाजी आळशी नव्हता, हेही म्हणायला हवं. सकाळी पेटीपुढे बसे तो दिवेलागणीला उठे. सायकलच्या ट्यूबच्या रबरी कड्या कापल्या. घंटीची वाटी गेली होती, तिथे देवघरातल्या घंटेची मूठ तोडून ती बसवली. मोडका पाय शिवणीच्या लाकडाचा केला, असा की सांधा दिसू नये. भात लावायचं, कापायचं, झोडायचं काम मात्र त्याच्या दिवसात कधी बसलं नाही. ते आवडाबाईच्या दिवसात बसलं. नलूचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं तेव्हासुद्धा पेटी जागची हलली नाही. नवरदेवाच्या मामाला पेटीला टेकून बसवलं, आणि सबंध लग्न ती गोरी बाई त्याच्या डोक्यावरून हसत राहिली.

आता कॉइलींचं. एक्कावन्नच्या पावसाळ्यात येसाजीने मुंबईहून केसासारखी बारीक तांब्याची तार आणवली. जुनी जळकी कॉईल हातात घेऊन तो तार गुंडाळायला बसला, आणि तार तुटली. पुन्हा बसला, पुन्हा तुटली. फिटरची बोटं, जाड आणि निबर. चौथ्या वेळी तुटली तेव्हा त्याने तारेचं रीळ भिंतीवर फेकलं.

आवडाबाई तांदूळ निवडत होती. उठून तिने रीळ उचललं.

"द्या हिकडं. किती फेरे घालायचे?"

"आठशे."

"आठ शेकडे?"

"व्हय, आठ शेकडे. आणि तोडू नको."

तिने तोडली नाही. छत्रीच्या काडीचा दांडा करून तिने तार अशी गुंडाळली की फेऱ्याला फेरा चिकटून बसला, रिकामी जागा म्हणून नाही. मोजायची तिला सवय होती. लग्नाआधी ती बागायतदाराच्या खळ्यात आंबे मोजायला जायची. वाडीत तिच्याइतकं भरभर मोजणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तिचा हिशेब कधी चुकला नव्हता. सहा फेरे झाले की एक चिंचोका बाजूला. श्रावण आणि अर्धा भाद्रपद तिने नऊ कॉइली केल्या. येसाजीने त्या घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या नाहीत, जागेवर बसवल्या. तार आपण आणली, कॉइली आपण बसवल्या, तेव्हा कॉइली आपण केल्या, असा त्याचा हिशेब. लोकांना तो तसंच सांगायचा. आवडाबाई आतून ऐकायची.

कोळशाच्या ट्रकची बॅटरी आणून त्याने पेटी लावली. दिवे मिणमिणले, गोळी खड्ड्यात पडली, कॉईल गुणगुणली, आणि गोळी जरा हलून पुन्हा बसली. "बॅटरीत दम न्हाय," येसाजी म्हणाला. पुढल्या वर्षी दुसऱ्या ट्रकची बॅटरी. तीही तशीच. मग तो म्हणू लागला, खरी वीज येऊ दे. मग दहा वर्षं तो विजेची वाट बघत बसला. दमट हवेचा दोष झाला, खाऱ्या वाऱ्याचा झाला, पेटी बनवणाऱ्या अमेरिकनाचा झाला.

बासष्टच्या थंडीत खांब आले. मधल्या वर्षांत त्याने चोरबाजारातून विजेचा जोर कमी करणारं एक लोखंडी डबडं आणवून ठेवलं होतं, ते जोडलं. त्रेसष्टच्या चैत्रात, जत्रेच्या दिवशी, सगळी वाडी पडवीत. येसाजीने धुतलेला शर्ट घातला होता. बटण दाबलं. दिवे असे लागले की बायकांनी तोंडावर पदर घेतला. गोरी बाई उजळली. गोळी वर गेली, देवघरातली घंटा वाजवून खाली आली, खड्ड्यात पडली. कॉईल घूं घूं करायला लागली. गोळी अर्धी वर आली, थरथरली, आणि खाली बसली. दुसऱ्या खड्ड्यात तेच. तिसऱ्यात तेच.

कोणीतरी मागून म्हणालं, "येसाजीदादा, म्हातारी झालीया. उठवत न्हाय तिला."

पडवी हसली. अनंता सगळ्यांत मोठ्याने हसला. आवडाबाईलाही हसू आलं, आणि तिने ते दाबलं नाही. तेवढं तिच्या वाट्याचं होतं.

त्यानंतर येसाजीने पेटीला हात लावला नाही. शेतावरही गेला नाही. आश्विनात ताप आला आणि तो गेला.

गुरुवारी कासमभाई यायचा होता. बुधवारी दुपारी गिरणीसाठी तार कुठून आणायची ते बघायला दत्तू वायरमन आला. घाटावरचा माणूस, बोलका. अनंता शेतावर होता. दत्तूने भिंत बघितली, मीटर बघितलं, आणि मग पेटीखाली डोकं घालून बसला.

"काय हो बाई, काम काय सुरेख आहे! तुमच्या मालकांनी केलं?"

"तार मी गुंडाळली."

"तुम्ही?" दत्तूने डोकं बाहेर काढलं. "मशीनवर पण असं होत नाही. मग चालत का नाही?"

"मला काय ठावं? मी काय फिटर हाय?"

खाली एका डब्यात जुन्या जळक्या कॉइली होत्या. दत्तूने एक उचलली, तिच्यावरचा कागद पुसला. "आठशे फेरे. बरोबर. तुम्ही किती घातले?"

"आठशेच घातले. आठ शेकडे."

दत्तूने जुनी कॉईल पेटीतल्या नवीशेजारी धरली. "ही नवी जाड आहे. मोजलंत कसं?"

"कसं म्हंजे? मोजतात तसं. सहाची एक फाडी. बावीस फाड्या झाल्या की शेकडा."

दत्तूने कॉईल खाली ठेवली. "सहा गुणिले बावीस?"

"आंब्याचा शेकडा तसाच असतो. तुमच्या घाटावर कसा असतो?"

"शंभराचा," दत्तू म्हणाला. "बाई, शेकडा शंभराचा असतो." खिशातून पेन्सिल काढून त्याने विडीच्या पाकिटावर गुणाकार मांडला. "एकशे बत्तीस आठा... एक हजार छप्पन! अहो, दोनशे छप्पन फेरे जास्ती. फेरे जास्ती झाले की वीज कमी ओढते. गोळी उडणार कुठून?" आणि तो हसायला लागला. पेटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आंब्याच्या शेकड्यानं कॉईल! आंब्याच्या! बाई, कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

आवडाबाई हसली नाही. "चहा घेणार का?" तिने विचारलं.

दत्तू गेल्यावर ती पेटीपुढे पाट मांडून बसली. येसाजी कसा काढतो ते बारा वर्षं बघून तिला पाठ होतं. तिने पहिल्या खड्ड्याखालची कॉईल काढली आणि तार उलटी सोडायला लागली. चिंचोके होतेच. बेचाळीस फाड्या आणि वर चार. तार तोडली, टोक खरवडलं, कॉईल परत बसवली, बटण दाबलं, गोळी हाताने खड्ड्यात ठेवली.

गोळी बंदुकीतून सुटावी तशी उडाली. काचेला लागली, घंटेला लागली. काचेवर आकडा चढला.

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. आवडाबाईने बटण बंद केलं आणि पाटावर बसून राहिली.

पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की माझ्या हातानं त्यांची बारा वर्षं गेली. मग दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा कडू होतं. बारा वर्षं ह्या माणसाने बॅटरी तपासली, डबडं तपासलं, हवा तपासली, एकेक स्क्रू दहादा काढून घातला. तिचं काम तेवढं तपासलं नाही. एकदाही विचारलं नाही, आवडे, मोजलंस कसं? बायकोवर एवढा विश्वास, असं कोणी म्हणेल. विश्वास कसला? बायकोने केलेलं काम हे काम असतं, त्यात बरोबर आणि चूक असं काही असू शकतं, हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. चुलीवरचा भात होतो तशा कॉइली झाल्या होत्या. भात कसा केलास म्हणून कोण विचारतं? नवराही आंब्याच्या गावचाच. एकदा विचारता तर कळतं. पण बाराव्या वर्षी मुंबईला गेला, त्याचा शेकडा तिकडचा. एका घरात दोन शेकडे नांदले, आणि दोघांनीही आपापला खरा धरला.

गुरुवारी कासमभाई आला तेव्हा ती म्हणाली, "जत्रेपर्यंत थांबा."

अनंता भडकला. "वयनी, आता कशाला? दादासंगं जाऊ दे की तीपण!"

"तुमच्या अर्ध्या पडवीत न्हाय ती. माझ्या अर्ध्यात हाय. मोजून घ्या."

पौषात भात घरात आलं, हात मोकळे झाले. आठ दुपारींत तिने आठ कॉइली सोडवल्या. मनाशी ठरवलं होतं ते असं: पेटी जत्रेत चालेल. लोकांना कळेल की येसाजी खुळा नव्हता, त्याचं सगळं बरोबर होतं. आणि मग ती सगळ्यांसमोर सांगेल की चूक तिची होती. का सांगेल? कारण चूक तिची म्हटली की काम तिचं हेही म्हणावं लागतं. दुसऱ्या कुठल्या वाटेने ते कोणी म्हणणार नव्हतं. एवढंच तिला हवं होतं. फार मागणं नव्हे.

चैत्रात जत्रा भरली. अनंताने नाखुशीनेच पेटी अंगणात आणू दिली, पडवीतून तार ओढली. आवडाबाईने बटण दाबलं, दांडी ओढली. गोळी पहिल्या खड्ड्यातून उडाली, तिसऱ्यातून उडाली, आकडे चढले, घंटा वाजत राहिली.  मग एकच गलका झाला. गडी रांग लावून उभे राहिले. हसणारे तेच, आता म्हणत होते, "येसाजीचं डोकंच तसलं! आपल्याला कळलं न्हाय." भागुबाई, वाडीतली सगळ्यांत म्हातारी, डोळे पुसत म्हणाली, "बघाया पायजे व्हता गो."

आवडाबाईने पदर खोचला. "ऐका जरा. त्यांचं सगळं बराबर व्हतं. ह्या तारा मी गुंडाळल्या व्हत्या. शेकडा मी आंब्याचा धरला. चूक माझी, म्हणून चालत नव्हती. आता मीच सुधारली."

 मग भागुबाईने तिचा हात हातात घेतला.

"पोरी, नवऱ्याची चूक अशी अंगावर घेऊ नगं. लय सोसलंस."

"अंगावर घेत न्हाय, मावशे. खरं तेच सांगते. तारा मी..."

"व्हय व्हय," अनंता लोकांकडे बघून म्हणाला, आवाज उतरवून, आजाऱ्याबद्दल बोलावा तसा. "वयनीला अजून सावरलं न्हाय. दत्तू वायरमननं जाताना जोडून दिली आसंल. दादानं सगळं केलंच व्हतं, एक वायर ऱ्हायली व्हती."

"दत्तूला इचारा! त्यानंच मोजलं..."

"त्याची बदली झाली मागच्या म्हैन्यात. बस तू, वयनी. पाणी आण ग कुनीतरी."

पाणी आलं. तिला खरंच पाटावर बसवलं. तिच्या डोक्यावरून हात घालून, दांडी ओढत गोळीचा खेळ पाळीपाळीने चालू राहिला. ती चुकू शकते हेसुद्धा कोणाला पटत नव्हतं, कारण चुकायला आधी काही केलेलं असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंता एक फळी रंगवत बसला होता. 'कै. येसाजी यांची अमेरिकन पेटी. प्रोप्रायटर अनंता.' गिरणीचा विचार त्याने सोडला होता. जत्रा जत्रा फिरवायची, हरेश्वर, मुरुड, काशीदपर्यंत न्यायची, असं त्याच्या मनात होतं.

आवडाबाईने फळी वाचून घेतली. आपलं नाव त्यात कुठे बसतंय का, ते एकदा बघितलं. मग चपला घातल्या आणि म्हसळ्याच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासमभाईची बैलगाडी दारात उभी राहिली. अनंता ब्रश टाकून धावला.

"वयनी! चालू पेटी भंगारात? याड लागलंय तुला?"

"बंद व्हती तवा तुमाला नको व्हती, भावजी. आता मला नको."

"आगं, दादाची आठवण हाय ती! सोळा वर्षं घालवली त्यानं!"

"त्यांनी सोळा घालवली. माझी कुठं गेली ते कुनी इचारलं?" ती कासमभाईकडे वळली. "घ्या उचलून. पेटी माझी हाय."

कासमभाई कानकोंडा झाला. भला माणूस. "आवडाबाय, दिवे लागतात, घंटी वाजते म्हणतात. खुदा कसम, असली चीज मोडायला माझा हात नाही व्हायचा. इरादा पक्का आहे?"

"पक्का हाय."

गोळ्या त्याने डब्यात काढल्या, आणि सवयीने एक, दोन, तीन करायला लागला.

"मोजू नका, कासमभाई," आवडाबाई म्हणाली. "सगळं तोलून घ्या. मोजायचं माझं झालंय."

चार माणसांनी पेटी गाडीत आडवी घातली. गोरी बाई आभाळाकडे बघून हसत म्हसळ्याला गेली. अनंता त्यानंतर वहिनीशी बोलला नाही, गरज पडली की भिंतीशी बोलायचा. पावसाळ्याआधी त्याने पडवीत गिरणी बसवली, आणि ती चांगली चालली. गिरणीवर येणाऱ्या बायका अजून सांगायच्या की येसाजीने काय पेटी केली होती, आणि बिचाऱ्या बायकोच्या डोक्यावर परिणाम होऊन तिने ती कशी घालवली.

पिठाची गिरणी आवडाबाईच्या दारापासून सहा पावलांवर होती. ती आपलं दळण घरच्या जात्यावर दळायची.